बाकी

सकाळी अंबडला होतो, वॉल्व्हच्या कारखान्यात.
पितळेचे एकशे साठ नग, प्रत्येकाचे तीन कोन,
मागे पांढरा कागद.
पितळ फार चहाडखोर. सगळं दाखवतं :
ट्यूबलाइट, पत्र्याचं छत, माझं टक्कल,
इर्शादने धरलेला थर्माकोल.
स्वतःला पुसण्यातच निम्मा दिवस जातो.

अडीचला फोन. अनोळखी नंबर.
"किरण मोगल बोलतोय. तुम्ही माझं लग्न केलं होतं."
(असंच म्हणतात सगळे. तीनशेच्या वर लग्नं केलीत मी.)
"दादा गेले. उद्या दहावा. रामकुंडावर.
घरात धड फोटो नाही एक.
आधार कार्डावरचा आहे, पण तो
दुसऱ्याच कुणाचा वाटतो."

पुंजाहरी मोगल.
आधी आकडा आठवला, माणूस नंतर.
चौदा हजार. सहा वर्षं.
भाड्याचे आले की देतो. मग दिवाळी होऊ दे.
मग, अहो, पळून चाललोय का मी?
दोनदा गेलो होतो पेठ नाक्यावर, त्यांच्या टेम्पोंपाशी.
दुसऱ्यांदा चहा पाजला, खारी मागवली,
माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं
आणि मला रस्त्याला लावलं.

रात्री जुनी हार्ड डिस्क जोडली.
कण्हत कण्हत उघडली.
तीन हजार आठशे बारा फोटो.
औरंगाबाद नाक्यापुढचं लॉन्स, नवरी, नवरीची मेंदी,
मेंदीत लपवलेलं नाव,
रुसलेले मामा, जिलबीसकट झोपलेलं पोरगं.
ते कुठेच नाहीत.
म्हणजे आहेत, कडेला, पाठमोरे.
खांद्याला रेक्झिनची काळी बॅग,
आचाऱ्याशी हुज्जत,
मांडववाल्याच्या हातावर नोटा मोजताना.
त्याला दिल्या होत्या तर.
घरच्यांच्या फोटोत आईशेजारी माणूसभर फट :
तेवढ्यात जनरेटर बसला होता, हे तिकडे धावलेले.

पहाटे अडीचला, दोन हजार नऊशे सातवर, सापडले.
थेट लेन्समध्ये बघताहेत.
फेटा तिरका, डोळे जागरणाने तांबारलेले,
आणि उजवा हात वर, पंजा माझ्याकडे :
माझा नको रे, त्यांचा काढ.

पंजाने नेमकी हनुवटी झाकलेली.

माणसाचा हात पितळेवरच्या सावलीसारखा निघत नाही.
बोटाबोटामागे काय होतं ते ठरवावं लागतं.
हनुवटी किरणची घेतली, स्टेजवरच्या फोटोतून.
मापात बसली.
त्यावर पांढरे खुंट लावले, एकेक, साडेपाचपर्यंत.
कापलेला हात डिलीट करवेना.
वेगळा सेव्ह केला, नाव न देता.

दहीपुलाजवळच्या फ्रेमवाल्याला झोपेतून उठवला.
घाटावर तीन घरांचे दहावे होते,
मला आधी चुकीच्या घरच्यांनीच बोलावून घेतलं.
मग किरण दिसला, नुकतं डोकं भादरलेला.
त्याच्या आईने फ्रेम मांडीवर घेतली,
पदराने काच पुसली, हनुवटीपाशी थांबली.
"बघा," फोटोलाच म्हणाली,
"पोराच्या लग्नातसुद्धा दाढी केली नाहीत तुम्ही."
मी बुटांकडे बघत राहिलो. बूट हातात होते.

"किती द्यायचे?" किरणने विचारलं.
चौदा हजार अगदी जिभेवर आले होते.
म्हटलं, फ्रेमचे साडेसहाशे.
"इथे रेंज नाहीये. संध्याकाळी टाकतो,"
गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवत तो म्हणाला.

दुपारी पुन्हा अंबड. उरलेले चाळीस नग.
इर्शाद स्क्रीनवर वाकून म्हणाला,
"दादा, ह्यात तुमची हनुवटी आलीय."
खरंच आली होती. दोन दिवसांची, पांढरी.
म्हटलं, असू दे. आधी जेवून येऊ.